नॉइज फिगर दर वेळी वेगळा येतो, कधी शून्याखालीही जातो: वाय-पद्धतीच्या मोजणीतील दोष कसा शोधावा

एकाच लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायरचा, म्हणजे एलएनएचा, नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतःचा किती नॉइज मिसळतो हे सांगणारा आकडा, सकाळी ०.४ डेसिबल (डीबी) येतो, दुपारी ०.९ डीबी येतो आणि कनेक्टर काढून पुन्हा बसवला की उणे ०.३ डीबी दिसतो, ही तक्रार रेडिओ वारंवारतेवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत कधी ना कधी ऐकू येते. अशा वेळी पहिला संशय एलएनएवर जातो, तो बदलला जातो, आणि नवा एलएनएही तसाच वागतो. नॉइज फिगर शून्य डीबी असणे म्हणजे घटकाने स्वतःचा काहीही नॉइज मिसळला नाही. त्याखालचा आकडा म्हणजे घटकाने आलेला नॉइज उलट कमी केला, आणि तसे होत नाही. त्यामुळे उणे आकडा दिसला की एलएनए निर्दोष सुटला असे समजावे आणि चौकशीचा रोख मोजणीकडे वळवावा.

पुढील विवेचनात उदाहरण म्हणून १४२० मेगाहर्ट्झचा, म्हणजे हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेषेसाठीचा, १८ डीबी गेन आणि ०.६ डीबी नॉइज फिगर असलेला एलएनए घेतला आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली जीएमआरटी ही दुर्बीण याच रेषेपर्यंत ऐकते आणि महाविद्यालयांतील हौशी गटही पत्र्याच्या हॉर्न अँटेनाने हीच रेषा टिपण्याचा प्रयत्न करतात. या कामात एक-दोन दशांश डीबींना फार महत्त्व असते: नॉइज तापमानाच्या भाषेत ०.५ डीबी म्हणजे सुमारे ३५ केल्विन आणि ०.७ डीबी म्हणजे सुमारे ५१ केल्विन. ज्या दिशेला आकाशाचेच तापमान मोजक्या केल्विनचे असते, तिथे १६ केल्विनची चूक मोठी ठरते.

यंत्र खरोखर काय मोजते

वाय-पद्धतीत एलएनएच्या तोंडाशी नॉइज सोर्स लावतात. सोर्सला २८ व्होल्ट दिले की त्यातील डायोड तप्त वस्तूसारखा नॉइज देतो आणि व्होल्टेज काढले की तो खोलीच्या तापमानाच्या साध्या रोधासारखा वागतो. दोन्ही अवस्थांत एलएनएच्या मागे येणारी शक्ती मोजून त्यांचे गुणोत्तर काढले की वाय मिळतो. सोर्स चालू असताना २९० केल्विनच्या वर किती पट नॉइज देतो, हे त्याच्या ईएनआर (एक्सेस नॉइज रेशो) या आकड्यावरून कळते. ईएनआरला वाय वजा एकने भागले की नॉइज फॅक्टर येतो आणि त्याचे डीबीत रूपांतर केले की नॉइज फिगर मिळतो. या सर्व हिशेबाचा पाया हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ साली घातला आणि एकामागून एक जोडलेल्या टप्प्यांचे सूत्रही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते. यंत्र प्रत्यक्षात फक्त वाय मोजते. ईएनआर, सोर्सचे तापमान, अ‍ॅडॉप्टरचा लॉस, कॅलिब्रेशनच्या (एलएनएशिवाय यंत्राचा स्वतःचा नॉइज मोजण्याच्या) वेळची स्थिती या बाबी आपण त्याला सांगतो, आणि आपण सांगितलेले सगळे खरे मानून ते पडद्यावर दोन दशांशांपर्यंत आकडा दाखवते. म्हणून दोष शोधताना नॉइज फिगरचा पडदा बाजूला ठेवावा, वायचे कच्चे वाचन वहीत उतरवावे आणि भागाकार हाताने करावा. वाय स्थिर असून नॉइज फिगर हलत असेल, तर दोष आपण भरलेल्या माहितीत आहे; वायच हलत असेल, तर तो टेबलावरच्या जोडणीत आहे. माझ्या मते अर्धे दोष या एका चाळणीतच वर येतात.

उणे आकडा बहुधा दुसऱ्या टप्प्यातून येतो

ही शक्ती मोजणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचा स्वतःचा नॉइज फिगर प्रीअ‍ॅम्प्लिफायर बंद असताना २० ते ३० डीबीच्या दरम्यान असतो. तो २४ डीबी धरला, तर नॉइज फॅक्टर २५१ होतो. आपल्या एलएनएचा गेन १८ डीबी, म्हणजे ६३ पट. फ्रीसच्या सूत्रानुसार अ‍ॅनालायझरचा वाटा २५० भागिले ६३, म्हणजे सुमारे ३.९६ येतो, तर एलएनएचा स्वतःचा फॅक्टर अवघा १.१५ असतो. दोन्ही मिळून ५.११, म्हणजे ७.१ डीबी. यंत्र या ५.११ मधून ३.९६ वजा करून आपल्याला १.१५ देते. उसाने भरलेली गाडी काट्यावर चढवून गाडीवानाच्या चाबकाचे वजन काढण्याचाच हा प्रकार आहे.

आता गेनच्या वाचनात केवळ ०.३ डीबीची चूक झाली आणि गेन कमी दिसला असे समजू. वजा होणारा आकडा ३.९६ ऐवजी ४.२४ होतो, उरलेला फॅक्टर ०.८७ होतो आणि पडद्यावर उणे ०.६ डीबी येते. ०.३ डीबीची चूक व्हायला केबल जराशी वाकणे किंवा कनेक्टर अर्धवट घट्ट असणे पुरेसे असते. कॅलिब्रेशनची अवस्था तर याहून नाजूक असते. सोर्स थेट अ‍ॅनालायझरला लावला, तर १५ डीबी ईएनआर असूनही वाय जेमतेम ०.५ डीबी येतो, आणि त्या वाचनात ०.०५ डीबीची गफलत झाली तरी अ‍ॅनालायझरचा फॅक्टर दहा टक्क्यांनी चुकतो.

यावर उपाय एकच: एलएनए आणि अ‍ॅनालायझर यांच्यामध्ये दुसरा प्रीअ‍ॅम्प्लिफायर कायमचा बसवावा आणि कॅलिब्रेशनही त्याच्यासह करावे. २० डीबी गेन आणि २ डीबी नॉइज फिगरचा साधा प्रीअ‍ॅम्प्लिफायर घेतला, तरी मागच्या साखळीचा फॅक्टर २५१ वरून सुमारे ४.१ वर उतरतो आणि एलएनएच्या मागे त्याचा वाटा ०.०५ इतकाच राहतो. मग गेनमध्ये तीच ०.३ डीबीची चूक झाली तरी निकाल ०.०१ डीबीच्या आसपासच हलतो. कॅलिब्रेशनमधला वाय आता ९.४ डीबी येतो. कॅलिब्रेशनचा वाय १ डीबीपेक्षा कमी येत असेल, तर पुढची मोजणी करूच नये, हा नियम मी पाळतो.

दुपारचा आकडा जास्त का येतो

ईएनआरची व्याख्या २९० केल्विनवर, म्हणजे सुमारे १७ अंश सेल्सिअसवर आधारलेली आहे. युरोपातल्या हिवाळ्यात ही गोष्ट खपून जाते. पण पुणे-अहिल्यानगर पट्ट्यात एप्रिलमध्ये वातानुकूलन नसलेल्या खोलीत पारा ३५ अंशांवर असताना बंद सोर्सचे तापमान ३०८ केल्विन असते. बंद अवस्थेतला नॉइज त्यामुळे वाढतो, वाय कमी होतो आणि एलएनए आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. खरा नॉइज फिगर ०.५ डीबी असेल, तर हे तापमान यंत्राला न सांगितल्यास तो सुमारे ०.७४ डीबी दिसतो. सकाळ-दुपारच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इतके साधे असते.

नॉइज फिगरच्या मेन्यूत सोर्सच्या थंड अवस्थेचे तापमान भरण्याची जागा असते आणि ती २९० वरच राहून गेलेली असते. भरायचे तापमान मात्र खोलीच्या भिंतीवरील तापमापकाचे नसावे. सोर्सच्या धातूच्या आवरणाला, कनेक्टरच्या बाजूला, थर्मोकपल चिकटवून तिथले वाचन घ्यावे. कारण पलीकडचा एलएनए ९० मिलिअँपिअर घेणारा असेल, तर त्याची ऊब कनेक्टरमधून सोर्सपर्यंत पोहोचते आणि खोली ३० अंशांवर असताना सोर्सचे टोक ३४ वर गेलेले आढळते. एलएनएलाही अर्धा तास चालू ठेवून मगच मोजणी सुरू करावी. पंखा एलएनएवर सोडू नये. त्याने वाचन लाटांसारखे वरखाली होत राहते.

एलएनएच्या पुढचा प्रत्येक दशांश

एलएनएच्या मागे असलेला लॉस गेनमुळे झाकला जातो, पण पुढचा, म्हणजे सोर्स आणि एलएनए यांच्यामधला, लॉस जसाच्या तसा नॉइज फिगरमध्ये मिळतो. सोर्सला एन कनेक्टर आणि एलएनएला एसएमए असेल, तर मधला अ‍ॅडॉप्टर ०.०५ ते ०.१ डीबी खातो आणि तेवढाच आकडा निकालात वाढतो. हा लॉस मेन्यूत ‘घटकाच्या आधी’ या रकान्यात भरायचा असतो. तो ‘नंतर’च्या रकान्यात भरला गेला, तर निकाल जवळपास बदलतच नाही आणि चूक लक्षात येत नाही. ईएनआरमधून आधीच वजा केलेला लॉस पुन्हा रकान्यातही भरला, तर एलएनए खोटाच चांगला दिसू लागतो.

कनेक्टर हाताने आवळणे ही सवय येथे महाग पडते. पितळी एसएमएसाठी ०.५६ न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच वापरावा, आणि फिरवताना नट फिरवावा, सोर्स किंवा एलएनए नव्हे. धातूवर धातू घासून आतली पिन झिजली की पुनरावृत्ती कायमची बिघडते. कनेक्टर तीन-चार वेळा सोडून-लावून वायचे वाचन घ्यावे, त्यात ०.०५ डीबीपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर तो कनेक्टर बदलल्याशिवाय पुढचे काहीही तपासण्यात अर्थ नाही. मेणचट, काळपट दिसणारा कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर पुष्कळदा सुधारतो.

सोर्सची अदलाबदल हाही अगदी घरगुती स्वरूपाचा दोष आहे. प्रयोगशाळेत एकसारखे दिसणारे दोन सोर्स असले की एकाचा ईएनआर तक्ता यंत्रात आणि दुसरा सोर्स टेबलावर, अशी स्थिती होते. तक्ता वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून सोर्सवरील अनुक्रमांक आणि यंत्रातील तक्त्याचे नाव प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ताडून पाहावे.

जुळणी नसेल तर सोर्स एलएनएला बदलतो

कमीत कमी नॉइजसाठी जुळवलेल्या एलएनएच्या प्रवेशाशी परावर्तन बरेच असते. ते उणे ५ किंवा ६ डीबी असणे नवलाचे नाही. दुसऱ्या बाजूने, सोर्स चालू-बंद होताना डायोडचा रोध बदलतो आणि त्याचे परावर्तनही थोडे बदलते. ही दोन परावर्तने एकमेकांत मिसळली की दोन्ही अवस्थांत एलएनएचा गेनच वेगळा होतो आणि वाय त्याला बळी पडतो. १५ डीबी ईएनआरच्या सोर्सपेक्षा ६ डीबीचा सोर्स येथे बरा, कारण त्याच्या आत जास्त अ‍ॅटेन्युएशन असते आणि बाहेरून दिसणारा बदल त्यात बुडतो. कीसाइटच्या ३४६ या सोर्सच्या मालिकेत बी प्रकार १५ डीबीच्या आणि ए प्रकार ६ डीबीच्या आसपासचा असतो. एलएनएसाठी ए प्रकार घ्यावा. तो नसेल, तर १५ डीबीच्या सोर्सपुढे १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावता येतो. मात्र १४२० मेगाहर्ट्झवर त्याचा लॉस नेटवर्क अ‍ॅनालायझरने शंभराव्या भागापर्यंत मोजलेला हवा आणि थंड अवस्थेचे तापमान आता सोर्सचे नव्हे, तर त्या अ‍ॅटेन्युएटरचे भरावे.

दोष जुळणीचाच आहे का, हे ओळखायची एक सुटसुटीत युक्ती आहे. सोर्स आणि एलएनए यांच्यामध्ये पाव तरंगलांबीचा सेमी-रिजिड केबलचा तुकडा घालून वाय पुन्हा पाहावा. १४२० मेगाहर्ट्झवर टेफ्लॉन केबलमध्ये ही लांबी सुमारे ३.७ सेंटिमीटर भरते. या तुकड्याने परावर्तनाची कला उलटते, त्यामुळे नॉइज फिगर तुकड्याच्या लॉसपेक्षा जास्त हलला, तर जुळणीत खोट आहे हे नक्की.

बाहेरचे सिग्नल, स्वतःचे दोलन आणि भरून गेलेला टप्पा

मोठ्या पट्ट्याचा एलएनए १४२० बरोबरच आकाशवाणीचे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचे एफएम, मोबाइल मनोऱ्यांचे ९३५ ते ९६० आणि १८०५ ते १८८० मेगाहर्ट्झ, शिवाय वाय-फायही मोठे करून पुढे पाठवतो. हे सिग्नल मोजणीच्या वारंवारतेवर नसतात, म्हणून पडद्यावर दिसत नाहीत. पण ते मागच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरला दडपून टाकतात आणि वाय कारणाशिवाय नाचू लागतो. सोर्स बंद ठेवून अ‍ॅनालायझरचा पट्टा शून्यापासून तीन गिगाहर्ट्झपर्यंत उघडावा, मॅक्स-होल्ड (प्रत्येक वारंवारतेवरचे सर्वांत मोठे वाचन धरून ठेवणारी सोय) लावून काही मिनिटे सोडून द्यावे, आणि कुठे कुठे सुळके उभे राहतात ते पाहावे. एलएनएचे झाकण उघडे ठेवून मोजणी करणे हेच पुष्कळदा या सुळक्यांचे कारण असते. महागड्या शील्डेड खोलीच्या आधी बिस्किटांचा पत्र्याचा डबा वापरून पाहावा: झाकणाच्या कडेवरील रंग खरवडून धातू उघडा करावा, पुरवठ्याची तार फीड-थ्रू कपॅसिटरमधून आत न्यावी, आणि आरएफ कनेक्टर डब्याच्या भिंतीला नटाने पक्के बसवावेत. बँड-पास फिल्टर लावायचा तर एलएनएच्या मागे लावावा. पुढे लावला तर त्याचा लॉस सरळ निकालात येतो.

एलएनए स्वतःच दोलन करत असेल, तर त्याची खूण वेगळी असते. हात जवळ नेला किंवा झाकण बसवले की पुरवठ्याचा करंट काही मिलिअँपिअरने बदलतो. दोलन कित्येकदा मोजणीच्या पट्ट्याबाहेर, कित्येक गिगाहर्ट्झवर असते. झाकणाच्या आतून शोषक रबर चिकटवणे आणि पुरवठ्याच्या पायाजवळ लहान कपॅसिटर बसवणे यांनी ते सहसा थांबते.

टप्पा भरून जाण्याचा, म्हणजे जास्त शक्तीमुळे त्याचा गेन दबण्याचा, दोष प्रीअ‍ॅम्प्लिफायर लावल्यावर उद्भवतो, हा एक विरोधाभासच. १५ डीबी ईएनआरचा चालू सोर्स दर हर्ट्झला सुमारे उणे १५९ डीबीएम देतो. दोन गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे उणे ६६ डीबीएम होते, ३८ डीबी गेननंतर उणे २८, आणि अ‍ॅनालायझरच्या आतलाही २० डीबीचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर चालू असेल तर उणे ८. गरम अवस्थेत साखळी दबते, थंड अवस्थेत दबत नाही, म्हणून वाय कमी येतो आणि नॉइज फिगर जास्त दिसतो. अ‍ॅनालायझरच्या तोंडाशी ६ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावावा. वाय वाढला, तर साखळी दबत होती. अ‍ॅनालायझरचे आतील अ‍ॅटेन्युएशन मात्र ‘ऑटो’वर ठेवू नये. चालू आणि बंद अवस्थांच्या मध्येच ते एक पायरी बदलले, तर मिळालेल्या वायला काही अर्थ उरत नाही.

वाचनाचा स्वाभाविक विखुरलेपणा

वरील सर्व ठीक असूनही वाय हलत असेल, तर तो केवळ सरासरीचा प्रश्न असू शकतो. नॉइज हाच मोजायचा असल्याने त्याचे वाचन पट्टा आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच स्थिर होते. १०० किलोहर्ट्झचा पट्टा आणि एक मिलिसेकंद वेळ घेतला, तर प्रत्येक वाचनात ०.४३ डीबीचा विखुरलेपणा राहणारच. एक मेगाहर्ट्झ आणि एक सेकंद घेतला, तर तो ०.००४ डीबीवर येतो. डिटेक्टर सरासरीचा निवडावा, शिखराचा नव्हे. लॉगरिदमिक सरासरीत नॉइज २.५१ डीबीने कमी दिसतो ही गोष्ट अनेकांना माहीत असते आणि ते तेवढी दुरुस्ती वायमध्येही करून मोकळे होतात. गुणोत्तरात हा फरक दोन्ही बाजूंनी उडून जातो, त्यामुळे ती दुरुस्ती येथे करायची नाही.

साखळीवर विश्वास बसण्यासाठी एलएनएच्या जागी ३ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावून पाहावा. २९० केल्विनवर त्याचा नॉइज फिगर त्याच्या लॉसइतकाच, म्हणजे ३ डीबी असतो. ३५ अंशांच्या खोलीत तो ३.१३ डीबी यायला हवा, आणि गेन उणे ३ डीबी. प्रीअ‍ॅम्प्लिफायरसह ही चाचणी विश्वासार्ह असते. त्याच्याशिवाय करू नये, कारण अ‍ॅनालायझरचा वाटा यात आणखी दुपटीने वाढतो. मिक्सर मोजत असल्यास निकाल एका बाजूच्या पट्ट्याचा की दोन्ही बाजूंचा, हे आधी ठरवावे, कारण त्यात ३ डीबीचा फरक पडतो आणि तो दोष नसतो.

हे सर्व करूनही दोन प्रयोगशाळांचे निकाल ०.१५ डीबीने वेगळे राहिले, तर भांडण सोर्सशी आहे. सोर्सच्या ईएनआरची अनिश्चितता एक ते दोन दशांश डीबी असते आणि ती थेट नॉइज फिगरमध्ये उतरते, म्हणून ‘०.६२ डीबी’ असे लिहिण्याऐवजी ‘०.६, अधिक-उणे ०.२ डीबी’ असे लिहावे. याहून बारीक आकडा हवाच असेल, तर डायोडचा सोर्स सोडून ५० ओहमचा लोड एकदा खोलीच्या तापमानाला आणि एकदा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे ७७ केल्विनला ठेवून मोजावे. या जोडीने ०.५ डीबीच्या एलएनएचा वाय केवळ ४.७ डीबीच्या आसपास येतो, पण दोन्ही तापमाने एखाद्या केल्विनच्या अचूकतेने माहीत असतात. लोड आणि एलएनए यांच्यामधील केबलचा नायट्रोजनबाहेर राहणारा भाग मात्र शक्य तितका आखूड ठेवावा, त्याचा लॉस आणि तापमान हिशेबात घ्यावे, आणि कनेक्टरवर दव धरू लागले की मोजणी थांबवून तो कोरडा करावा.